खेळ संपल्यावरचा अर्धा तास

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुलं अभ्यासाला बसतात. कोरोनाच्या काळात शाळेच्या सांगण्यावरून, प्रसंगी उसनवारी करून, ज्या आईबापांनी मुलांच्या हातात मोबाइल दिला, त्यांनाच तो काढून घ्यायला अख्ख्या गावाची साथ लागली. ही बातमी देशभर गेली आणि इतर गावांनीही तो कित्ता गिरवला.

त्याच काळात या जिल्ह्यात आणि शेजारच्या साताऱ्यात शाळांच्या भिंतींवर डिजिटल पडदे चढत होते. कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठे एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून), तर खानापूर-आटपाडीकडे सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेल्या गावकऱ्यांच्या देणगीतून. संध्याकाळी मोबाइल बंद करा म्हणणारा पालक आणि शाळेला टॅब मिळावेत म्हणून वर्गणी देणारा पालक बहुतेक वेळा एकच असतो. यात मला विसंगती दिसत नाही. घरातल्या मोबाइलने काय केलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय, आणि शाळेतल्या टॅबने काहीतरी बरं होईल अशी त्याला आशा आहे. मात्र ती आशा कशाच्या जोरावर धरायची, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. विकणारा सांगतो ते वेगळं आणि संशोधन सांगतं ते वेगळं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चांगला डिजिटल खेळ मुलाला विचार करायला लावतो, पण तो एकटा शिकवत नाही. खेळ थांबल्यावर शिक्षक आणि मुलं त्याबद्दल जे बोलतात, त्यात शिकणं पक्कं होतं. आपला सगळा पैसा, सगळं प्रशिक्षण आणि बरंचसं संशोधन मात्र खेळ सुरू होईपर्यंतच संपून जातं. नंतरच्या त्या अर्ध्या तासासाठी कुणी काही राखून ठेवत नाही.

आधी भीतीबद्दल, कारण ती खरी आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाची २०२४ची पाहणी सांगते की, ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया पाहिला होता. यात पैसे लावून खेळायच्या खेळांची भर पडली. रमीच्या अ‍ॅपवर उसाचं बिल घालवलेल्या तरुणांच्या गोष्टी आपल्या भागात आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याचीही तरतूद ठेवली. हा फरक कायद्याला करता येतो, तर शाळेला आणि घरालाही करता यायला हवा. मोबाइलवरचं सगळंच वाईट म्हणणारा पालक आणि मोबाइलवर ‘शैक्षणिक’ असा शिक्का दिसला की निर्धास्त होणारा पालक, दोघेही आत काय आहे ते उघडून बघत नाहीत.

आत बऱ्याचदा काय असतं? प्रश्न येतो, चार पर्याय येतात, बरोबर बोट पडलं की तारे उडतात आणि टाळ्या वाजतात. स्वाध्यायातला रिकाम्या जागा भरा हा प्रश्न रंगीत होऊन पडद्यावर आलेला असतो. पाढे पाठ करायला, स्पेलिंगच्या सरावाला याचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. पण याला खेळ म्हणता येत नाही, कारण यात मुलाला ठरवायचं काहीच नसतं. खेळात निर्णय हवा, निर्णयाचा परिणाम दिसायला हवा, आणि चुकलं तर दुसऱ्या वाटेने जाऊन बघायची मोकळीक हवी. या तीन गोष्टी नसलेल्या अ‍ॅपसाठी शाळेने पैसे मोजू नयेत असं मला वाटतं. तेवढा सराव पाटीवरही होतो.

आता संशोधनाकडे. पीटर वाउटर्स आणि त्यांच्या नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये शिकवण्यासाठी बनवलेल्या डिजिटल खेळांवरचे ३९ अभ्यास एकत्र करून तपासले. खेळातून शिकलेल्या मुलांचं शिकणं नेहमीच्या पद्धतीपेक्षा काहीसं सरस होतं आणि ते जास्त टिकलंही. पण शिकण्याची ओढ? त्यात ठळक म्हणावा असा फरक आढळला नाही. ‘मुलांना खेळ आवडतात म्हणून ती शिकतील’ या वाक्यावर सगळी विक्री चालते, आणि नेमकं तेच वाक्य पुराव्यात लंगडं पडलं. याच अभ्यासात फायदा कुठे वाढला तेही दिसतं. खेळाला दुसऱ्या शिकवण्याची जोड होती तिथे, खेळ एकदाच न होता पुन्हा पुन्हा झाला तिथे, आणि मुलं गटाने खेळली तिथे. अमेरिकेतल्या डग्लस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशीच मोठी पाहणी केली. खेळ वापरण्या-न वापरण्याने जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच फरक खेळाची रचना बदलण्याने पडतो, असं तिच्यातून पुढे आलं. म्हणजे ‘खेळ चांगला की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठला खेळ, कसा रचलेला, आणि त्याच्या पुढेमागे काय, हे विचारावं लागतं.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून या गावात बुद्धिबळ रुजवलं, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या. ज्याने कुठल्याही बऱ्या प्रशिक्षकाकडे बुद्धिबळ शिकलंय त्याला माहीत असतं की, डाव हरल्यावर मुलगा लगेच दुसरा डाव मांडत नाही. लिहून ठेवलेल्या खेळ्या काढतो, पट पुन्हा लावतो, आणि प्रशिक्षक विचारतो, इथे घोडा का हलवलास? समोरच्या खेळाडूच्या मनात काय होतं असं तुला वाटलं? मुलगा आधी काहीतरी ठोकून देतो, मग गप्प होतो, मग खरं कारण सांगतो. तिथे त्याचा खेळ सुधारतो. नुसते मोबाइलवर भराभर हजारो डाव खेळून हात चपळ होतो, समज मात्र आहे तिथेच राहू शकते. वर्गातल्या डिजिटल खेळालाही हाच नियम लागू आहे. बुद्धिबळात आपण तो पाळतो आणि शाळेत टॅब आला की विसरतो.

आपल्याच देशातले दोन अभ्यास इथे फार बोलके आहेत. दिल्लीत बालवाडीच्या वयाच्या मुलांना काही महिने संख्या आणि आकारांचे खेळ गटाने खेळायला दिले गेले. हे खेळ पडद्यावरचे नव्हते, पण मुद्दा तोच आहे. मोइरा डिलन, एस्तेर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मुलांची संख्यांची सहज जाण सुधारली आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. पण शाळेतलं लिखित गणित त्यामुळे सुधारलं नाही. खेळातलं कौशल्य खेळातच राहिलं. दुसरा अभ्यास २०२५चा, अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, पण त्याच क्रिया पाठ्यपुस्तकी रूपात समोर आल्या की अडत होती. बाजारात न बसणारी शाळकरी मुलं बरोबर उलट. आपल्या कुठल्याही आठवडी बाजारात आईशेजारी भाजी विकायला बसलेली मुलगी आठवून बघा. सव्वा किलो वांगी, पाऊण किलो गवार आणि दोनशेची नोट, तिचा हिशेब आपल्या आधी झालेला असतो. सोमवारी शाळेत तीच मुलगी अपूर्णांकात नापास असते.

बाजार आणि वही यांच्यामध्ये पूल बांधणारं कुणी नसलं, तर खेळ आणि वही यांच्यामध्येही तो आपोआप उभा राहणार नाही. ‘तू आत्ता पडद्यावर जे केलंस ते अपूर्णांकाच्या भाषेत कसं लिहिशील?’ हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो. मुलगा बावचळला की थांबावं लागतं, त्याचं चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून त्यावर इतरांना बोलतं करावं लागतं.

यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणक-कार्यक्रमाचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम साडेचार महिन्यांत मुलांचं गणित आणि हिंदी दोन्ही लक्षणीय सुधारलं. एका इयत्तेत बसलेली मुलं प्रत्यक्षात निरनिराळ्या पातळ्यांवर होती, कित्येक तर चार-चार इयत्ता मागे. संगणकाने प्रत्येकाची पातळी ओळखून तिथून सुरुवात केली. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला हे जमणं अवघड, आणि इथे तंत्रज्ञानाचा हक्क मी बिनशर्त मान्य करतो. पण हा कार्यक्रम ज्या केंद्रांत चालला, तिथे संगणकाच्या वेळेइतकाच वेळ छोट्या गटांना माणूस शिकवत होता, हेही त्याच अभ्यासात आहे. उलट बाजूला पेरू हा देश. तिथे सरकारने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. त्याची तपासणी झाली तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नाही. यंत्र पोहोचलं होतं, शिकवणं बदललं नव्हतं.

मग आपल्या भागात कुठला खेळ हवा? माझ्या मनात एक आहे, आणि तो बाहेरून विकत मिळणार नाही. कृष्णेच्या पुराचा.

२००५, २०१९, २०२१ हे पूर ज्या मुलांनी पाहिले किंवा घरात ऐकले, त्यांना सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. कोयना, नवजा, महाबळेश्वरला किती पाऊस झाला, कोयनेचे वक्र दरवाजे किती फुटांवर आहेत, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं, हे ऑगस्टमध्ये सांगलीच्या चहाच्या गाड्यावर बोललं जातं. एवढं जिवंत विज्ञान, भूगोल आणि गणित दाराशी असताना आठवीच्या वर्गात मात्र कुठल्या तरी काल्पनिक टाकीत नळाने पाणी भरत असतं.

कल्पना करा, वर्गाचे चार गट आहेत. एकाकडे कोयना धरण, १०५ टीएमसीचं. दुसरा गट सांगलीचा गावभाग आणि सांगलवाडी, म्हणजे पुराचं पाणी शिरणारी नदीकाठची वस्ती. तिसरा जत आणि कवठेमहांकाळ, जिथे कृष्णेतून उपसलेलं म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तरच उन्हाळा निभतो. चौथा अलमट्टी. पडद्यावरची प्रत्येक फेरी म्हणजे जुलै-ऑगस्टमधला एक दिवस. पाऊस येतो, धरण भरतं, दरवाजे किती उघडायचे ते ठरवायचं. आधीच जास्त सोडलं आणि पुढे पावसाने दडी मारली, तर वीज नाही आणि मे महिन्यात जतला टँकर. उशीर केला तर गावभागात पाणी. संगणक हिशेब करतो आणि आयर्विनची पातळी दाखवतो. गणित तर इथे पावलोपावली आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. म्हणजे साधारण ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी खाली जातं. वर्तमानपत्रातला ‘५० हजार क्युसेक विसर्ग’ म्हणजे दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या वर. हा भागाकार मुलगा स्वतःहून करेल, कारण त्याला कोयना वाचवायची आहे आणि त्याच्या मामाचं घरही.

हे कागदावरही खेळता येईल, पहिली आवृत्ती कागदावरच व्हावी. पण तोच ऑगस्ट पाच वेगवेगळ्या निर्णयांनी पाच वेळा जगून बघायचा असेल, तर हिशेबाचा भार यंत्राने उचललेला बरा. डिजिटल खेळाची खरी ताकद मला इथे दिसते. जे वर्गात आणता येत नाही, ज्यात प्रत्यक्ष चूक करणं परवडत नाही, ते चुकत-माकत हाताळता येतं.

आणि मग तो अर्धा तास. शिक्षक विचारतील, दरवाजे दोन दिवस आधी उघडले असते तर? जतच्या गटाने विरोध का केला? त्यांचं म्हणणं चूक होतं का? हरिपूरला वारणा मिळते, ती या खेळात आहे का? पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते आणि पाणी मागे फुगतं, ते यात धरलंय का? पूररेषेत बांधलेली घरं कुठे दाखवली आहेत? एखादी मुलगी म्हणेल की, हा खेळ खोटा आहे, आमच्याकडे पाणी नदीतून आलंच नाही, गटारातून वर आलं. तिचं ते वाक्य मला सगळ्या गुणांपेक्षा मोलाचं वाटतं. खेळ कुणीतरी रचलेला असतो आणि रचणाऱ्याने काही धरलेलं, काही सोडलेलं असतं, हे तिला कळलं. उद्या सरकारी अहवालाकडे, हवामानाच्या अंदाजाकडे आणि मोबाइलमधल्या प्रत्येक अ‍ॅपकडे ती याच नजरेने बघेल.

असा खेळ बनवणारे हात इथेच आहेत. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी. शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचे विषय शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना जिल्हा परिषदेच्या शिक्षकांशी जोडून द्यायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. मराठी परिभाषेसाठी वाईला विश्वकोशाचं काम उभं आहे. एमआयटीने २००७ मध्ये खुलं केलेलं ‘स्क्रॅच’ फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, आणि त्यात सातवी-आठवीची मुलं स्वतः छोटे खेळ रचू शकतात. रचताना त्यांना नदीबद्दल जेवढं वाचावं लागेल, तेवढं परीक्षेसाठी ती कधी वाचणार नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीद स्वावलंबी शिक्षण. मुलं स्वतः राबून, स्वतः उभारून शिकतील हा त्यांचा आग्रह होता. त्या मातीत शाळांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या अ‍ॅपचे नुसते ग्राहक व्हावं, हे मला मान्य होत नाही.

यावर शिक्षकांचं उत्तर मला माहीत आहे आणि ते रास्त आहे. वेळ कुठे आहे? आज शाळेत तंत्रज्ञान सर्वांत जास्त कशासाठी वापरलं जात असेल तर माहिती भरण्यासाठी. यू-डायस, सरल ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, फोटो काढून ग्रुपवर टाकणं. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक त्यातच अडकतो आणि दुसरा चार वर्ग सांभाळतो. वीजबिल थकून कनेक्शन तुटलेल्या शाळेत भिंतीवरचा पडदा काळाच राहतो. त्यामुळे शिक्षकाकडून नव्या खेळाची अपेक्षा करायची, तर त्याच्या डोक्यावरचं माहिती भरण्याचं ओझं आधी उतरवावं लागेल. केंद्रशाळेच्या पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, एक डेटा ऑपरेटर नेमला तरी अनेक शाळांचे तास मोकळे होतील. यंत्रखरेदीपेक्षा हा खर्च मला आधीचा वाटतो.

शिक्षणशास्त्राच्या संशोधनाबद्दल मात्र मला जास्त तळमळीने बोलायचं आहे. आपल्याकडे एम.एड.च्या आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत एक साचा घट्ट बसलाय. अमुक इयत्ता, अमुक घटक, संगणक साहाय्यित कार्यक्रमाची परिणामकारकता. एक प्रयोग गट, एक नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आणि निष्कर्ष बहुधा ठरलेला, की कार्यक्रम परिणामकारक आहे. कार्यक्रम संशोधकानेच बनवलेला, शिकवला त्यानेच, चाचणी काढली त्यानेच. मुलांना नव्या गोष्टीची उत्सुकता असते, ती दोन आठवड्यांत ओसरते, आणि चाचणी नेमकी त्या दोन आठवड्यांत घेतलेली असते. तीन महिन्यांनी काय उरलं, हे बघायला परत शाळेत जाणारे थोडेच. ज्या विद्यार्थ्यांनी हे प्रबंध लिहिले त्यांचा दोष मी काढत नाही, साचाच तसा दिलेला असतो. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात. एवढ्या शाळा हाताशी असताना मार्गदर्शकांनी हा साचा मोडायचं ठरवलं, तर देशाला उपयोगी पडेल असं ज्ञान इथून निघू शकतं.

तपासायचा प्रश्न साधा आहे. काही शाळांत नुसता खेळ. काही शाळांत खेळ आणि त्यावर शिक्षकाने घडवून आणलेली चर्चा. काही शाळांत त्याच विषयावर फक्त चर्चा, खेळ नाही. शिकवणारे वेगळे, तपासणारे वेगळे. लगेच एक चाचणी आणि पुढच्या सत्रात दुसरी. जमल्यास चर्चेचं ध्वनिमुद्रण, म्हणजे कुठल्या प्रश्नाने मुलं बोलती झाली आणि कुठल्या प्रश्नाने गप्प बसली ते कळेल. निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या उलट आला, नुसता खेळच पुरतो असं दिसलं, तर तेही छापून यावं. फसलेले प्रयोग छापले जात नाहीत, म्हणून पुढची शाळा तोच प्रयोग नव्याने फसवते.

डिजिटल खेळ संशोधकाला एक नवी गोष्ट देतात, मुलाने कुठे किती वेळ घालवला, कुठली चूक किती वेळा केली, याची नोंद. शिक्षकाला ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती कंपनीच्या सर्व्हरवर गेली तर मात्र प्रकरण वेगळं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची खातरजमा केलेली संमती हा मूळ नियम ठेवला आहे. शाळांना काही सवलती मिळू शकतात, म्हणून तर शाळेनेच जास्त जागरूक राहायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत टॅबचा रंग आणि वॉरंटी यांवर चर्चा होते, मुलांच्या नोंदी कुठे साठवल्या जातात हे कुणी विचारत नाही. ते विचारायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

म्हणून माझी मागणी जिल्हा नियोजन समित्यांकडे आहे, सांगलीच्याही आणि साताऱ्याच्याही. पुढच्या वर्षी शाळांच्या डिजिटल साहित्यासाठी जी तरतूद होईल, तिच्यातला ठरावीक हिस्सा शिक्षकांचा वेळ, स्थानिक मराठी खेळांची निर्मिती आणि स्वतंत्र तपासणी यांसाठी बांधून ठेवावा. खरेदीच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: खेळ मराठीत आणि इंटरनेटशिवाय चालेल, मुलांच्या नोंदी शाळेबाहेर जाणार नाहीत, आणि सहा महिने निवडक शाळांत वापरून स्वतंत्र तपासणीचा निकाल आल्याशिवाय उरलेल्या शाळांसाठी खरेदी होणार नाही. या अटी मान्य नसलेल्या पुरवठादाराची निविदा उघडूच नये.